सतरावा थेंब

पहिले दोन दिवस टेबल सपाट करण्यात गेले.

टेबल आरोग्य केंद्राचं होतं. सागवानी, जड, आणि एका पायानं तोकडं. माझ्या यंत्राला केसभर उतारही चालत नाही. म्हणून शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून पाणसळ मागून आणली, तोकड्या पायाखाली औषधाच्या खोक्यांचे पुठ्ठे सरकवले, बुडबुडा मधोमध आणला. दुपारी सफाईवाल्या बाईनं टेबल भिंतीपासून ओढून फरशी पुसली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

२०१७ चा सप्टेंबर होता. उमरदरी हे मेहकर तालुक्यातलं गाव, आमच्या डोणगावापासून अकरा किलोमीटर आत. मी रेणुका खंडारे, पुण्यात पीएच.डी. करत होते. विषय सांगायला लांबलचक आहे, पण काम साधं आहे : काडेपेटीएवढ्या काचेच्या चिपवर द्रवाचे थेंब नुसत्या विजेनं आणि चुंबकानं चालवायचे. नळी नाही, पंप नाही, फिरणारा एकही भाग नाही. चिपवर सोन्याच्या पातळ मुलाम्याचे चौसष्ट चौकोन असतात, बुद्धिबळाच्या पटासारखे. ज्या चौकोनाला वीज द्याल तिकडे थेंब ओढला जातो. थेंबात धुळीपेक्षा बारीक लोखंडी कण सोडलेले असतात. चिपखालचे विद्युतचुंबक ते कण हवे तिथे धरून ठेवतात आणि बाकीचा थेंब पुढे निघून जातो. वर तेलाचा थर आणि काचेचं झाकण, म्हणजे थेंब वाळत नाही.

रक्तात एक द्रव्य असतं. फवारणीचं विष शरीरात गेलं की आधी त्याच्यावर घाव घालतं. माझे कण ते द्रव्य पकडायचे, मग त्यांच्यावर दुसरा एक थेंब आणून सोडायचा. बारा मिनिटांत रंग येतो. गडद पिवळा आला तर माणूस ठीक. फिका आला तर विषानं काम सुरू केलेलं आहे, माणसाला अजून पत्ता नसला तरी. हाच आकडा जिल्ह्याच्या ठिकाणाहून मागवायचा तर आठ दिवस लागत.

आणि त्या वर्षी आठ दिवस कोणाकडेच नव्हते. बीटी कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. बोंडअळी मरणार म्हणून घेतलेलं बियाणं, आणि बोंडात अळी वळवळत होती. लोक दोन-दोन औषधं एकत्र कालवून मारत होते. पऱ्हाटी उंच, त्यामुळे फवारा वर धरावा लागे आणि तो वाऱ्यानं तोंडावर येई. केंद्राच्या डॉक्टर शाइस्ता मॅडम माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या होत्या. त्यांनी ग्रामसेवकाशी बोलून एक सोय केली होती. ज्या मजुराचा आकडा निम्म्याखाली येईल त्याला कार्ड द्यायचं, सहा आठवडे फवारणी बंद, आणि तेवढे दिवस रोपवाटिकेत काम. पण कार्डावर आकडा पाहिजे. आकड्याशिवाय ग्रामसेवक ऐकत नव्हता.

तो आकडा मी देणार होते.

केंद्राची प्रयोगशाळा म्हणजे दहा बाय बाराची खोली. टेबलाशी बसलं की समोर दक्षिणेची खिडकी. तिच्यातून अंगण, लोखंडी फाटक आणि पलीकडचा रस्ता दिसायचा. उजव्या हाताला व्हरांड्यात उघडणारं दार, डाव्या भिंतीला नमुना द्यायला येणाऱ्यांसाठी बाक. तंत्रज्ञ बशीरभाई पंचवीस वर्षं तिथेच होते. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या चिपकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, येवढ्याशानं काय होते? मलेरियाची काच याच्याहून मोठी राह्यते."

सोळा माणसं तपासली. सोळाही वेळा थेंब सांगितल्या वाटेनं गेला, रंग आला, आकडा आला. तिघांना कार्डं मिळाली. बशीरभाई 'मॅडम'वरून 'बेटा'वर आले.

सतरावा कचरू.

चाळिशीचा, वाळक्या अंगाचा, बोलायला मऊ माणूस. हंगामभर रोज फवारणी. डोळ्यांतून सारखं पाणी येतं म्हणून बायको जनकाबाईनं त्याला ढकलतच आणला होता. बशीरभाईंनी रक्त घेतलं, तो जायला निघाला. मी थेंब चिपवर सोडला आणि वाट चालू केली.

थेंब सहा चौकोन नीट गेला. मग वळला. वीज डावीकडच्या चौकोनाला होती आणि तो दाराकडे चालला होता.

मी वाट बंद करून पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. चिप बदलली. माझ्याकडे नऊच होत्या, त्यातली एक अशी वाया घालवताना जिवावर आलं. नव्या चिपवर नवा थेंब घेतला. तो सरळ खिडकीकडे गेला आणि कडेला जाऊन चिकटला. मी चिप उलटी फिरवून ठेवली. थेंब सावकाश सगळा पट ओलांडून परत खिडकीच्या बाजूच्या कडेला आला.

मग मी ते सगळं केलं जे करायचं असतं. पाणसळ लावली, बुडबुडा मधोमध. वीज मोजली, एकशे साठ ते दोनशे चाळीसमध्ये नाचत होती, पण ती तर रोजच नाचते. मोबाइल बाहेर ठेवले. होकायंत्र धरून खोलीभर फिरले, कुठे चुंबकाचा अंश नाही. शेवटी यंत्राची वायरच उपटली. बॅटरी काढली. चुंबकांची पाटी चिपखालून ओढून बाजूला ठेवली.

आता त्या थेंबाला ओढणारं जगात काही उरलं नव्हतं. तो कडेलाच होता आणि कडेकडेनं, मिनिटाला एक चौकोन, उजवीकडे सरकत होता.

पुण्याला सरांना फोन लावला. ते मीटिंगमध्ये होते. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "पृष्ठभागावर चार्ज साचला असेल. चिप नीट धुतली नाहीस तू. अर्थिंग तपास. सोळा नमुने आलेत ना? एक गेला तर गेला."

"सर, हाच नमुना महत्त्वाचा आहे."

"का?"

त्याचे डोळे पाहिले म्हणून, असं मोजमापाच्या शास्त्रात म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी कचरूला पुन्हा बोलावलं. तो अकराच्या सुमारास आला, हातात फवारणीचा रुमाल. त्याला कुजक्या लसणासारखा वास येत होता. सकाळीच दहा टाक्या मारून आला होता.

"काल तुमाले डॉक्टर बाईनं सांगतलं होतं ना, जाऊ नका म्हणून?" मी चिडले की माझं पुण्याचं मराठी गळून पडतं.

"सांगतलं. पण कार्ड कुठी देल्लं?"

मी बाकाकडे बोट केलं. तो बाकावर बसला, बशीरभाईंनी पुन्हा सुई लावली. "किती खेप रगत घेता बावा," एवढंच तो म्हणाला.

या वेळी थेंब डावीकडे गेला. बाकाकडे. मी दात आवळून चिप फिरवली. थेंब फिरून बाकाकडे. मी वाट पुन्हा लिहिली, वीज वाढवली, इतकी की चिपचे चार चौकोन जळून काळे पडले. कचरू कंटाळला आणि हापशावर पाणी प्यायला बाहेर गेला.

बशीरभाई माझ्या खांद्यामागून बघत होते. "बेटा," ते हळूच म्हणाले, "थो पाह्य."

थेंब बाक सोडून दाराकडे निघाला होता.

खिडकीतून हापसा दिसत नाही. तो इमारतीच्या मागे आहे. थेंब दाराकडून सरकत आमच्या पाठीमागच्या कडेला गेला आणि थांबला. मागे हापशाचा दांडा वाजत होता. दांडा थांबला. थोड्या वेळानं थेंब ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं परत आला, आणि कचरू दारातून आत आला.

मी त्याला म्हटलं, "कचरूभाऊ, जरा इमारतीले एक चक्कर मारून या."

"काऊन?"

"या मारून."

भर दुपारचं लख्ख ऊन होतं. बाहेर लसीकरणाच्या बायका लेकरं घेऊन बसल्या होत्या. कचरू व्हरांड्यातून उतरला आणि चालू लागला. थेंब चिपच्या चारही कडांवरून फिरला. एका जागी तो थांबला, तेव्हा खिडकीतून दिसलं की कचरू कोणाशी तरी दोन शब्द बोलायला थांबला होता.

बशीरभाईंनी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. मग मोठ्यानं म्हणाले, "बंद कर थे."

"बंदच आहे, बशीरभाई. चौकोन जळले तवापासून बंद आहे."

कचरूला दाखवावं की नाही कळेना. पण तो आत येऊन वाकून बघायलाच लागला. थेंब त्याच्या बाजूला आला. त्याला काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

"माह्यंच हाय ना थे," तो म्हणाला. "माह्याकडंच येईन."

मला त्याचा राग आला. खरं म्हणजे थेंबाचा आला. सोळा परक्या माणसांचं रक्त माझं ऐकत होतं आणि ज्याचं ऐकणं भाग होतं ते हट्टाला पेटलं होतं. रंग नाही, आकडा नाही, म्हणून कार्ड नाही. शाइस्ता मॅडमनी त्याला तपासलं. बाहुल्या जरा बारीक वाटल्या, पण उन्हातून आलेल्या माणसाच्या तशाही असतात. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, फवारणी करू नये. शिक्का मारला. ग्रामसेवकाला फोनही केला. तो म्हणाला, आकडा पाठवा. त्याच्या रक्ताची बाटली जिल्ह्याला पाठवली. आठ दिवस.

"जाणार नाही ना आता?" मॅडमनी विचारलं.

"नाई जात बाई," कचरू म्हणाला.

तो जाणार हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

त्याच्या थेंबाची ती चिप मी धुवायला हवी होती. नवातल्या पाच उरल्या होत्या. पण धुतली नाही. ती टेबलाच्या कोपऱ्यात तशीच ठेवली आणि दर तासाला वहीत थेंबाची जागा टिपत राहिले. चूक सापडेल म्हणून. चूक सापडल्याशिवाय मला झोप येत नाही, असं आई म्हणते. वहीतल्या नोंदी पाहून कचरू कधी घरी होता आणि कधी वावरात, हे कोणीही सांगितलं असतं.

बाटली पाठवल्यावर चौथ्या दिवशी दुपारी एकला जनकाबाई आली. डोक्यावरचा पदर हातात धरलेला.

"थे इथं आले का?"

कचरू सकाळी सातला पंप घेऊन गेला होता. दहाला भाकर खायला येतो म्हणाला, आला नाही. ज्यांच्याबरोबर नेहमी जायचा ते म्हणाले, आज आमच्यात नव्हता, दुसऱ्या कोणाचं वावर घेतलं होतं. कोणाचं, ते माहीत नाही. जनकाबाईनं तीन-चार वावरांच्या धुऱ्यावरून, बांधावरून हाका मारल्या होत्या. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत काही दिसत नव्हतं.

मी चिपकडे पाहिलं. थेंब पश्चिमेच्या कडेला होता. दहा वाजल्यापासूनच्या माझ्या तिन्ही नोंदींत तो तिथेच होता, तसूभरही हललेला नव्हता.

मी काय केलं ते लिहायलाच हवं. मी लगेच उठले नाही. मी चिप फिरवली. थेंब परत पश्चिमेला येईपर्यंत वाट पाहिली. पाणसळ लावली. होकायंत्र काढलं. मी एका बाईच्या देखत, जिचा नवरा सापडत नव्हता, अर्थिंगची वायर तपासली. मला त्या थेंबावर विश्वास ठेवायचा नव्हता. ठेवला असता तर चार वर्षांचं काम कशावर उभं आहे ते मला सांगता आलं नसतं. त्यात चाळीस मिनिटं गेली.

शेवटी बशीरभाईंनी मोटारसायकलची किल्ली उचलली. "चल बेटा. तुही मशीन खरी का खोटी, थे तिथं गेल्यावर पाहू."

मी चिप मांडीवर धरून मागे बसले. दर वळणावर गाडी थांबवायची, चिप हातावर सपाट धरायची, थेंब स्थिर व्हायची वाट बघायची. नाल्याच्या पुलापर्यंत तो उजवीकडे होता. पूल ओलांडल्यावर समोर. पुढे गाडीवाट संपली. आम्ही एका धुऱ्यावरून चालू लागलो, दोन्हीकडे पऱ्हाटी, पानांवर औषधाचा ओला वास. हवा हलत नव्हती. एका जागी थेंब एकदम डावीकडे गेला.

तिथे तासांच्या, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळींच्या मध्ये, आत कुठेतरी, बारीक घुरघुर ऐकू येत होती.

कचरू पालथा पडला होता. बॅटरीवरचा पंप पाठीवरच होता. टाकी केव्हाच रिकामी झाली होती आणि मोटर कोरडीच फिरत होती. तोंडाला फेस होता. श्वास चालू होता.

बशीरभाईंनी आरडाओरड करून माणसं गोळा केली. खाटेवरून पुलापर्यंत, तिथून रुग्णवाहिकेनं केंद्रात. शाइस्ता मॅडमनी इंजेक्शनांवर इंजेक्शनं दिली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तीन वाजता त्याला जिल्ह्याला रवाना केलं, जनकाबाई बरोबर बसली.

मी टेबलाशी जाऊन बसले. थेंब रस्त्याच्या वळणांबरोबर सरकत होता. चार वाजून दहा मिनिटांनी तो कडेवरून सुटला आणि पटाच्या आत येऊन थांबला. कुठल्याच बाजूला नाही.

फोन पावणेपाचला आला.

दुसऱ्या दिवशी प्रेत आलं. गावच्या उत्तरेला नाल्याकाठी अग्नी दिला. मी गेले होते. निघायच्या आधी आणि परत आल्यावर चिप पाहिली. थेंब जागचा हलला नव्हता. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. आता तो नुसता थेंब होता, बिघडलेला नमुना. जिल्ह्याचा अहवालही त्याच दिवशी आला, आठ म्हणता म्हणता पाचच दिवसांत. कागदावर आकडा होता. निम्म्याच्या कितीतरी खाली. शाइस्ता मॅडमनी तो वाचला, घडी घातली, आणि कार्डांचा गठ्ठा ठेवलेल्या खणात टाकून खण इतक्या जोरात लोटला की टेबलावरचा पेला पडून फुटला.

त्यानंतरचा दिवस मी सामान आवरण्यात घातला. साडेअकराला ती चिप धुवायला घेतली.

थेंब पश्चिमेच्या कडेला होता.

मी खाली बसले. घड्याळ लावलं. थेंब कडेनं एक चौकोन वर गेला. त्याला साडेसात मिनिटं लागली. थांबला. मग एक चौकोन खाली आला. साडेसात मिनिटं. थांबला. पुन्हा वर.

बशीरभाई जेवायला बसले होते. मी त्यांना बोलावलं नाही. ते आपणच उठून आले, उभे राहिले, दोन फेऱ्या पाहिल्या आणि डबा न संपवताच बंद केला.

दुपारी तीनच्या सुमाराला इंद्रभान आला. ज्या वावरात कचरू सापडला ते याचं. आल्या आल्या तावातावानं शाइस्ता मॅडमसमोर उभा राहिला.

"मॅडम, पोलीस मले इचारून राह्यले, का वावरात फवारणी चालू काऊन ठेवली. मी कायले चालू ठेवू? त्या दिवसापासून एक माणूस आत जायाले तयार नाई. अर्ध वावर तसंच राह्यलं होतं. अन् आज पाह्यतो तं पुढच्या पंधरा-वीस तासाईची पऱ्हाटी वली. पानं टिपकून राह्यली. माह्या वावरात फवारा कोण मारून राह्यलं?"

"मला कसं माहीत असणार?" मॅडम वैतागून म्हणाल्या.

"तुमच्या इथलेच लोकं हिंडत होते ना काचा घेऊन!"

मी व्हरांड्यात होते. मला ओरडावंसं वाटलं, त्याच्यावर, कोणावरही. पण मी आत गेले आणि वहीत पाहिलं. साडेअकरापासून तीनपर्यंत. प्रत्येक खेपेला थेंब कडेवरून अगदी केसभर आत येत होता. एक तास संपवून पुढच्या तासाला लागल्यासारखा.

सरांना फोन केला नाही. काय सांगायचं होतं?

पुढच्या दिवशी सकाळी नवाला थेंब पुन्हा चालू लागला. वर, थांबा. खाली, थांबा. अकरा वाजता जनकाबाई आली. कचरूला आणलं त्या दिवशी त्याचा रुमाल आणि चपला केंद्रातच राहिल्या होत्या, त्या न्यायला. बशीरभाईंनी पिशवी काढून दिली. मी चिपवर वही झाकली, पण उशीर झाला होता.

"थेच हाय का?" तिनं विचारलं. "त्याईचं रगत?"

"हो."

"कुठी हाय ते?"

खोटं बोलायला हवं होतं. "वावरात," मी म्हटलं. "इंद्रभानच्या."

तिनं वही बाजूला केली. बराच वेळ ती थेंबाचं जाणं-येणं पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मला ओळखीचं वाटलं ते. सांगून सांगून थकलेल्या माणसाचं तोंड. मग ती टेबलावर वाकली, अगदी चिपजवळ.

"अवो," ती म्हणाली. "पुरं करा आता. चला घरी."

थेंब मधेच थांबला.

फेरी पुरी न करता तो तसाच राहिला. एक मिनिट. दोन मिनिटं. मग कडेकडेनं दक्षिणेला सरकू लागला.

जनकाबाई बाकावर जाऊन बसली. पिशवी मांडीवर घेतली.

इंद्रभानचं वावर सरळ पाहिलं तर किलोमीटरभर, पण नाला ओलांडून वाटेनं यायचं तर चालत अर्धा तास लागतो. पंखा बंद होता, वीज गेलेली. बाहेर लसीकरणाचं एक मूल रडत होतं.

थेंब कोपरा वळला. आता तो खिडकीच्या बाजूला होता. रस्त्याच्या बाजूला.

मी खिडकीतून पाहिलं. रस्त्यावर ऊन होतं. कोणी नव्हतं.

अंगणातलं मूल रडायचं थांबलं.

थेंब दाराकडे वळला.

तो वास आला. कुजक्या लसणाचा, ओला. व्हरांड्यातून, मग खोलीत.

बशीरभाई उठले आणि दारातली खुर्ची उचलून भिंतीला लावली.

थेंब दाराची बाजू सोडून सगळा पट ओलांडत डावीकडे गेला. बाकाकडे. तिथे थांबला.

जनकाबाई उठली. पदर सारखा केला. "येतो मी बाई," ती मला म्हणाली, आणि बशीरभाईंना, "येतो भाऊ."

ती बाहेर पडली. थेंब निघाला.

मी खिडकीशी उभी राहिले. जनकाबाई अंगणातून चालत गेली, एकटी, मागे न बघता. बायकांनी पाय आखडून घेऊन तिला वाट दिली आणि ती पुढे गेल्यावरही आखडलेलेच ठेवले. फाटकाशी ती थांबली. ते जड आहे, गंजलेलं आहे. माणसं ते अर्धवट लोटतात आणि अंग चोरून निघून जातात. तिनं ते भिंतीला टेकेपर्यंत पूर्ण उघडलं, एका हातानं धरून बाजूला उभी राहिली, पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो तेवढा, आणि मग ओढून घेऊन कडी लावली.